लेकराला झोप येईना: गोळी देण्याआधी काय पाहावं

लेकराला झोप लागत नाही म्हणून मेलाटोनिनच्या गोळ्या द्याव्यात का, हा प्रश्न आता फक्त पुण्या-मुंबईचा राहिलेला नाही. मोबाइलवरून मागवलेली बाटली केजला किंवा गेवराईलाही घरपोच येते. आत फळांच्या चवीच्या रंगीत जेलीगोळ्या, म्हणजे ‘गमी’. बघितल्यावर ते औषध वाटतच नाही, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आपणही अशी बाटली मागवायच्या विचारात असाल, तर त्याआधी कायकाय पाहायचं ते ओळीनं घेऊ.

आधी ही वस्तू काय आहे ते. मेंदूच्या मधोमध पिनिअल नावाची वाटाण्याहून लहान ग्रंथी असते. अंधार पडला की ती रक्तात मेलाटोनिन सोडते. हे संप्रेरक आहे, म्हणजे शरीरानं स्वतः तयार करून रक्तावाटे सगळीकडे पाठवलेलं रसायन. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एरन लर्नर या त्वचारोगतज्ज्ञानं 1958 मध्ये ते पहिल्यांदा वेगळं काढलं. त्याचं काम दवंडी पिटणाऱ्यासारखं: रात्र झाली, एवढंच ते शरीराला कळवतं. गुंगी आणून पाडणं हे त्याचं काम नव्हे. म्हणून दिवा लख्ख, मोबाइल हातात आणि वर गोळी, असं केलं तर फार काही हाती लागत नाही.

आता आपल्या मुलाला खरंच झोप कमी पडते का, ते बघा. दिवसाची झोप धरून चोवीस तासांत एक ते दोन वर्षांच्या बाळाला 11 ते 14 तास, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला 10 ते 13, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 9 ते 12 आणि तेरा ते अठराच्या मुलांना 8 ते 10 तास झोप लागते. इथं एक चूक नेहमी होते. चार वर्षांचं पोर दुपारी तीन तास झोपलेलं असतं आणि रात्री नऊला ते आडवं व्हावं अशी आपली अपेक्षा असते. त्याची झोप कमी नसते, ती दुपारीच खर्ची पडलेली असते.

उलट बाजूही आहे. मूल अकराला झोपतं आणि शाळेसाठी सहाला उठवावं लागतं. डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, शाळेच्या वेळा बदला, असं जाहीर कार्यक्रमात सांगितलं होतं. त्यानंतर फेब्रुवारी 2024 मध्ये शालेय शिक्षण विभागानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. पण उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळची शाळा लागते आणि रात्री पत्रे तापलेले असल्यानं मध्यरात्रीपर्यंत घरात निजवत नाही. त्या दिवसांत मुलाला झोप का येत नाही याचं उत्तर डोक्यावरच्या पत्र्यात असतं. गच्चीवर किंवा अंगणात मच्छरदाणी लावून अंथरूण टाकणं, संध्याकाळी अंगण शिंपडणं, निजायच्या आधी अंगावर पाणी घेणं, हे उपाय आपल्या घरात आधीपासून आहेत.

पुढची पायरी वहीची. शाळेच्या जुन्या वहीत दोन आठवडे रोज एक ओळ लिहा: अंथरुणावर कधी गेलं, खरं कधी झोपलं, रात्री किती वेळा उठलं, सकाळी कधी जागं झालं, दुपारी किती झोपलं, शेवटचा चहा कधी घेतला. ‘रोजच बारा वाजतात’ असं आपण म्हणतो, आणि वही पाहिली की आठवड्यातले तीन दिवसच बारा वाजलेले असतात; त्या तीन दिवसांत काय वेगळं होतं तेही शेजारीच लिहिलेलं सापडतं. डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर ही वही कोणत्याही तपासणीइतकीच कामाची.

वहीत चहा मुद्दाम लिहायला सांगितला. आपल्याकडे तीन वर्षांच्या लेकरालाही बशीत चहा आणि त्यात बुडवायला खारी मिळते, संध्याकाळी पाहुणे आले की परत एकदा. चहातलं निम्मं कॅफिन उतरायला मोठ्या माणसाच्या शरीरातही साधारण पाच तास लागतात. लहान मुलाचा चहा बंदच करावा, हे माझं स्पष्ट मत आहे. एकदम जमत नसेल तर आधी संध्याकाळचा बंद करा. कोलाच्या बाटलीतही कॅफिन असतं, हे विसरू नका.

मोबाइलबद्दल सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या सूचनेप्रमाणे दोन वर्षांखाली पडदा नकोच, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. झोपेच्या आधीचा एक तास तरी कोणत्याही वयात मोबाइल दूर हवा. आईबापाचा मोबाइल त्याच अंथरुणावर चालू राहिला, तर हा नियम पहिल्याच रात्री मोडतो.

यानंतर शरीर. इथं घाई करू नका, कारण झोपेच्या गोळीखाली खरा आजार झाकला जाण्याची जागा हीच आहे. मूल रात्री शौचाच्या जागी खाजवतं का? सूतकृमी, म्हणजे पांढऱ्या दोऱ्यासारखे बारीक जंत, रात्रीच तिथं येऊन अंडी घालतात आणि खाज सुटते. त्यावर साधी जंतनाशक गोळी असते. पण ती डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांनी एकदम घ्यावी लागते आणि दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यावी लागते. एकट्या मुलाला एकदाच दिली की महिनाभरात तेच दुखणं परत येतं.

‘आई, पाय दाब’ म्हणून मूल रोज रात्री रडतं का, पाय झाडत राहतं का? शरीरातला लोहाचा साठा कमी असला की पायांत असं चुरचुरतं. डॉक्टरांना हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासायला सांगा; फेरिटिन म्हणजे लोहाच्या साठ्याचं माप. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिता असू शकतो. सरकारी कार्यक्रमात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा लोहाची गुलाबी गोळी असते आणि दहा वर्षांपुढे निळी. ती चहासोबत घेतली तर वाया जाते, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही.

मूल घोरतं का, तोंड उघडं टाकून झोपतं का, मध्येच श्वास थांबल्यासारखा होऊन दचकतं का? नाकामागच्या ग्रंथी किंवा टॉन्सिल वाढले की असं होतं. या मुलाला गुंगीचं काहीही देणं धोक्याचं आहे. झोपेत दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. तोंडी वर्णनापेक्षा तो जास्त सांगतो.

मग मन. बीड जिल्ह्यात हे वेगळं सांगावं लागतं. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, उचल घेतलेली असते, आणि नवरा-बायकोचा कोयता पाच-सहा महिने सांगली, कोल्हापूर, सोलापूर नाहीतर कर्नाटकात असतो. लेकरू सोबत गेलं तर झोप कोपीत: खाली पाचट, वर कापड, शेजारी ट्रॅक्टरची धडधड. पहाटे अंधारातच फडात जायचं, आणि गाडी भरायला रात्री कधीही बोलावणं. आईच्या झोपेलाच वेळ नाही, तिथं मुलाच्या झोपेला कुठून येणार? एप्रिलमध्ये गावी परतल्यावर ते मूल रात्री जागं राहिलं तर त्यात आजार नाही. त्याचं घड्याळ फडाच्या वेळेवर लागलेलं आहे आणि ते गावाच्या वेळेवर यायला दोन-चार आठवडे लागतात.

गावी आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलाचं दुखणं वेगळं असतं. ते रात्री उठून बसतं, अंथरूण ओलं करतं, ‘आई कधी येणार’ विचारतं. आजी घाबरून मेडिकलवाल्याला विचारते. त्यापेक्षा आईबापानं रोज ठरल्या वेळी, संध्याकाळी जेवणाआधी, फोन करावा. निजताना केलेल्या फोननं मूल जास्त रडतं. परत येण्याचा अंदाजे महिना मुलाला खरा सांगावा. ‘उद्या येतो’ म्हणून फसवलं की पुढची प्रत्येक रात्र ते दाराकडे बघत जागतं. दहावी-बारावीचं मूल परीक्षेच्या धास्तीनं जागत असेल तर 14416 हा सरकारी टेलिमानस क्रमांक आहे. त्यावर मानसिक त्रासाबद्दल फुकट बोलता येतं.

हे सगळं पाहून झालं आणि शरीर ठीक निघालं, तर झोपेची वेळ मागे सरकवण्याची एक सोपी रीत आहे. मूल नऊला अंथरुणावर जाऊन अकराला झोपत असेल तर काही दिवस त्याला पावणेअकरालाच निजवा. तोवर मंद दिव्यात गोष्ट सांगा, दप्तर भरून घ्या. पडल्या पडल्या झोप लागायला लागली की दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे या. सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच. ही रीत रविवारी फसते: ‘झोपू दे आज’ म्हणून मूल नऊपर्यंत झोपतं आणि आठवड्याची कमाई जाते. हळदीचा डीजे, गावची जत्रा, जागरण-गोंधळ यात एखादी रात्र जाणारच. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला उठवा, गाडी आपोआप रुळावर येते.

एवढं महिनाभर करूनही फरक नसेल तर डॉक्टर. अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला सांगता येतं, ते पुढं जिल्हा रुग्णालयात पाठवतात. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ भेटतात. स्वमग्नता किंवा अतिचंचलता असलेल्या मुलांना मेलाटोनिनचा खरा उपयोग होतो. स्वमग्न मुलांसाठी युरोपात 2018 मध्ये त्याच्या खास गोळीला औषध म्हणून मान्यता मिळाली. तेव्हा हे विष आहे असं मुळीच नाही. डॉक्टर सहसा अर्धा ते एक मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात, झोपेच्या अर्धा-एक तास आधी, ठरावीक दिवसांसाठी. सकाळी सुस्ती, डोकेदुखी, वाईट स्वप्नं, अंथरूण ओलं होणं असे त्रास दिसू शकतात. वर्षानुवर्षं दिल्यास वयात येण्यावर काय परिणाम होतो, याचा पुरेसा अभ्यास अजून झालेला नाही. मिरगीची किंवा दुसरी कुठली औषधं चालू असतील तर ती डॉक्टरांना आधी सांगा.

मग घरी मागवलेल्या गमीत वाईट काय? लेबल वाचा. पाच किंवा दहा मिलिग्रॅमची मात्रा मोठ्या माणसाची असते. ‘एक मात्रा’ म्हणजे दोन गमी, हे बारीक अक्षरात असतं. एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक दिसला म्हणजे गोळी मुलांसाठी तपासली, असं होत नाही. तो अन्नपदार्थ बनवण्याचा परवाना आहे. पूरक आहाराच्या बाटलीवर ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’, म्हणजे औषध म्हणून वापरू नये, असं छापावंच लागतं. अमेरिकेत 2023 मध्ये 25 प्रकारच्या मेलाटोनिन गमी तपासल्या, तर 22 मध्ये लेबलवरचा आकडा आणि आतला माल जुळला नाही. कुठं लिहिल्याच्या तिपटीहून जास्त मेलाटोनिन होतं, आणि एकीत तर ते नव्हतंच.

गमी घरात असण्याचाच एक वेगळा धोका आहे. मुलांनी मेलाटोनिन खाल्ल्याच्या नोंदी अमेरिकेच्या विषबाधा केंद्रांकडे 2012 मध्ये 8,337 होत्या, 2021 मध्ये त्या 52,563 झाल्या. गोड गोळी म्हणून मूल मूठभर खातं. घरात असेलच तर कुलपात ठेवा आणि तिला चॉकलेट म्हणू नका. जास्त खाल्ल्याचं कळलं तर उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. मूल जागं होत नसेल किंवा श्वास मंद वाटत असेल तर लगेच 108.

गमीपेक्षा वाईट पर्याय आपल्या घरात आधीपासून आहेत, त्याबद्दल जास्त काळजी वाटते. सर्दीच्या सिरपनं गुंगी येते म्हणून ते झोपेसाठी देणं हा त्यातला पहिला. प्रोमेथाझिन या गुंगीच्या औषधानं दोन वर्षांखालच्या बाळाचा श्वास मंदावू शकतो. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात भेसळीच्या खोकल्याच्या सिरपनं वीसहून जास्त लेकरं गेली. त्यानंतर केंद्रानं पुन्हा बजावलं: दोन वर्षांखाली खोकला-सर्दीचं औषध नको, पाचच्या आत सहसा नको. दुसरं जायफळ. बाळगुटीत सहाणेवर एक वेढा द्यायचा तर ‘आज जास्त रडतंय’ म्हणून चार दिले जातात. जास्त जायफळ बाळाला बाधतं. तिसरं अफू. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची गोळी देऊन झोपवत, कारण सांभाळायला कुणी नसे. त्या बायांना दोष देता येत नाही. पण शांत निजलेलं ते बाळ उपाशी राहून खंगत असे.

डॉक्टरांनी मेलाटोनिन सुरू केलंच तर वही बंद करू नका. महिन्यानं तीच वही घेऊन जा, फरक दिसतो का ते पानावर दाखवा, आणि बंद कधी करायचं हे त्याच भेटीत विचारून घ्या.