गाडीचे मागचे बुश : भाग लहान, जबाबदारी मोठी

जुहू म्हटले की बाहेरगावच्या माणसाला चौपाटी आणि नटनट्यांचे बंगले आठवतात. आम्हा कापडवाल्यांना तिथले गिऱ्हाईक आठवते आणि त्या गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत माल पोचवणारी गाडी आठवते. आमच्या व्यापारी बंधूंपैकी बहुतेकांकडे आज एखादी ईको, बोलेरो, टाटा एस नाहीतर घरची मोटार आहेच. तेल, टायर, बॅटरी यांचा हिशेब सगळे ठेवतात. परंतु गाडीच्या मागच्या बाजूला मुठीएवढे जे रबरी बुश असतात, त्यांची विचारपूस कोणी करत नाही. आजचा लेख त्या बुशविषयी आहे. माल वाहून नेणाऱ्यांनी तो वाचावाच, आणि अंधेरीच्या जुहू गल्लीपासून कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडपर्यंत गॅरेजचा आणि सुट्या भागांचा धंदा करणारे जे आपले कारागीर बांधव आहेत, त्यांनी तर जरूर वाचावा.

बुश म्हणजे काय?

गाडीचे मागचे चाक थेट बॉडीला जोडलेले नसते. मध्ये आर्म, बीम किंवा पाटे असतात आणि ते बॉडीला जिथे जोडले जातात तिथे बुश बसवलेला असतो. आत एक लोखंडी नळी, बाहेर दुसरी लोखंडी नळी आणि दोहोंच्या मध्ये पक्के चिकटवलेले रबर, अशी त्याची साधी बनावट असते. चाक खालीवर झाले की हे रबर पिळले जाते आणि पुन्हा जागेवर येते. इथे लोखंडावर लोखंड घासत नाही, म्हणून ग्रीस लागत नाही आणि आवाजही होत नाही. जुन्या जमान्यात या ठिकाणी धातूचे बुश असत, त्यांना वारंवार ग्रीस द्यावे लागे. रबरी बुश आल्यावर ती कटकट गेली. ‘सायलेंट ब्लॉक’ हे नाव आजही जुन्या मिस्त्रींच्या तोंडी आहे, ते याच आवाज न करणाऱ्या गुणामुळे.

वजनाचा हिशेब

आता आमच्या धंद्यातला हिशेब पाहा. ५८ इंच पन्ह्याचे साधे शर्टिंग घेतले तर मीटरमागे सुमारे पावणेदोनशे ग्रॅम वजन भरते. भिवंडीहून २००० मीटर माल उचलला की साडेतीनशे किलो झाले. म्हणजे पाच धडधाकट माणसे मागे बसवल्यासारखेच. स्प्रिंग हे वजन पेलते खरी. पण ब्रेक मारताना, वळण घेताना, खड्ड्यातून जाताना हे ओझे चाकांना पुढे, मागे आणि बाजूला ढकलत असते. तो धक्का खाऊन चाकांना जागेवर धरून ठेवण्याचे काम बुशचे. ताके नीट बांधले नाहीत तर गाठोडे जसे वाटेत सरकते, तसा बुश ढिला पडला की गाडीचा मागचा एक्सलच सरकू लागतो.

आमच्या एका ईकोच्या बाबतीत हेच घडले. भरलेली गाडी हायवेवर लेन बदलताना मागून डुलायची. स्टिअरिंग सरळ केले तरी शेपूट क्षणभर उशिराने सरळ व्हायचे. एका गॅरेजने शॉक ॲब्सॉर्बर बदलले, त्यानंतर टायरचा जोड बदलायला लावला. पैसे गेले आणि डुलणे तसेच राहिले. मग जुहू गल्लीतल्या एका वयस्क उस्तादांनी गाडी वर चढवली, पहारीने मागचे आर्म हलवून पाहिले आणि दोन मिनिटांत सांगितले, ‘शेठ, जंपर चांगले आहेत, बुश मेले आहेत.’ ईकोचा मागचा सरळ एक्सल दोन लांब आर्म आणि एक आडवा दांडा यांनी धरलेला असतो. त्या आडव्या दांड्याचे रबर नळीपासून सुटले होते. बुश बदलल्यावर त्याच टायरांवर तीच गाडी सरळ चालू लागली.

हे होते कसे, ते आकड्यांनी सांगतो. दोन बाजूंचे बुश साधारण ११०० मिलिमीटर अंतरावर आहेत असे धरा. वळणावर एक बुश ५ मिलिमीटर पुढे आणि दुसरा ५ मिलिमीटर मागे सरकला, तर मागचा एक्सल सुमारे अर्धा अंश तिरका होतो. अर्धा अंश ऐकायला काहीच नाही. पण बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगचे चाक १६ अंशांच्या आसपास फिरवावे तेव्हा पुढची चाके १ अंश वळतात. म्हणजे चालकाने हात हलवला नसतानाही स्टिअरिंग ८ अंश फिरवल्यासारखा परिणाम मागून होतो. एस. व्ही. रोडच्या गर्दीत ताशी २० च्या वेगाने हे कळणार नाही. पण जुहूहून निघालेली मोटार सागरी सेतूवरून २०२४ पासून खुल्या झालेल्या कोस्टल रोडला लागते आणि काटा ८० वर जातो, तेव्हा हेच अर्धा अंश जिवावर बेतू शकते. शहरातला वेग वाढला आहे, म्हणून बुशकडे पाहण्याची गरजही वाढली आहे.

जुहूचे हवापाणी

जुहूत बुश लवकर का जातात, याची कारणे उघड आहेत. समुद्राच्या खाऱ्या हवेने बाहेरची लोखंडी नळी गंजते. गंज फुगला की रबराची पकड सुटते. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाड्या जातात. सोसायट्यांच्या गल्ल्यांत पावलोपावली गतिरोधक. त्यात रबर नुसत्या वयानेही कडक होते आणि तडकते. म्हणून कमी चाललेल्या, बंगल्यात उभ्या असणाऱ्या गाडीचेही बुश सुटत नाहीत.

ओळखण्याच्या खुणा अशा : गतिरोधकावरून उतरताना मागून ‘ठक’ असा आवाज; ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढणे; मागचे टायर आतून किंवा बाहेरून एकतर्फी झिजणे; वळणावर शेपूट उशिरा येणे. यांपैकी एक जरी दिसली तरी टायर किंवा शॉक ॲब्सॉर्बर विकत घेण्याआधी गाडी वर चढवून बुश पाहायला सांगावे.

सुधारणा कोणती करावी?

आता मुख्य मुद्दा. अनेक तरुण विचारतात की बुश बदलायचेच आहेत तर अधिक चांगले, अधिक कडक का बसवू नयेत? बाजारात रंगीत पॉलियुरेथेनचे बुश मिळतात. पॉलियुरेथेन हा पदार्थ जर्मनीत ओटो बायर या शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये शोधला. तो रबरापेक्षा कडक असतो, तेलाने सहसा खराब होत नाही आणि दबावाखाली कमी सरकतो. गाडी वळणावर घट्ट वाटते, हे खरे आहे.

परंतु कापडात जसे जाड ते सगळेच चांगले नसते, तसेच इथेही आहे. शर्टाला कॅनव्हास लावून चालत नाही. बुशला दोन कामे करायची असतात : चाकाला धरून ठेवणे आणि रस्त्याचा धक्का गिळणे. कडकपणा वाढवला की पहिले काम सुधारते आणि दुसरे बिघडते. धक्का बॉडीत जातो, आवाज वाढतो, आणि सिलिकॉनचे ग्रीस नीट दिले नाही तर करकर सुरू होते. पाट्यांच्या डोळ्यात किंवा अँटी-रोल बारवर, जिथे हालचाल एकाच दिशेने होते, तिथे पॉलियुरेथेन चांगले काम देते. पण जिथे आर्मला एकाच वेळी फिरायचे, तिरके व्हायचे आणि पिळायचे असते, तिथे कडक बुश अडकतो आणि सगळा ताण ब्रॅकेटवर येतो.

शिवाय रबराचा मऊपणा हा नेहमी दोष नसतो. पुष्कळदा तो इंजिनिअरने हिशेबाने ठेवलेला असतो. १९७७ मध्ये आलेल्या पोर्शे ९२८ या मोटारीत मागच्या सस्पेन्शनची लवचीकताच अशी योजली होती की वळणावर ॲक्सिलरेटर सोडला तरी मागचे चाक आतल्या बाजूला वळून गाडी सावरावी. आज साध्या टॉर्शन बीमच्या मोटारींतही काही बुशच्या रबरात मुद्दाम पोकळ्या सोडलेल्या असतात, म्हणजे एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला कडक. तिथे सगळीकडून सारखाच कडक बुश ठोकून बसवणे म्हणजे कारखान्याची मेहनत पुसून टाकणे होय.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. माल वाहणाऱ्या आणि घरच्या गाडीसाठी सर्वांत चांगली सुधारणा म्हणजे कंपनीच्या मापाचे, कंपनीच्या दर्जाचे नवे रबरी बुश, दोन्ही बाजूंना एकाच वेळी आणि शिस्तीने बसवलेले. नेहमीच जड माल वाहणाऱ्या पाट्यांच्या गाडीला पाट्याचे बुश पॉलियुरेथेनचे बसवता येतील. शर्यतीसाठी मिळणारे धातूचे गोल सांधे मुंबईच्या धुळीत आणि चिखलात टिकत नाहीत. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

बसवण्याची शिस्त

चांगला बुश वाईट हाताने बसवला तर काही महिन्यांत फाटतो. चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, बुश हातोड्याने ठोकू नये, प्रेसने बसवावा. ठोकताना बाहेरची नळी वाकते आणि रबराची चिकट सुटते. दुसरी, बुश सहज जावा म्हणून इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावतात, ते रबराला फुगवते. साबणाचे पाणी पुरते. तिसरी, बुशवर बाणाची खूण किंवा पोकळीची दिशा असेल तर ती कंपनीने सांगितल्याप्रमाणेच ठेवावी. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची : बोल्ट शेवटचा आवळताना गाडी चाकांवर उभी असावी, हवेत लटकलेली नसावी. चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली येताच रबर पिळलेलेच राहते, आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळून लवकर तुटते. काम झाल्यावर चारही चाकांचे अलाइनमेंट तपासावे.

खरेदीतही सावध असावे. कंपनीच्या नावाचा हुबेहूब खोका बनवणारे बाजारात आहेत. पक्के बिल घ्यावे, पार्ट नंबर जुळवावा. भंगारातून काढलेला आर्म स्वस्त पडतो, पण त्याच्यासोबत येणारा बुश त्या जुन्या गाडीच्याच वयाचा असतो. आर्म जरूर घ्यावा, बुश मात्र नवा बसवावा.

कारागिरांच्या पोरांसाठी

मुंबईच्या मिस्त्रींच्या एका पिढीने प्रीमियर पद्मिनीवर हात बसवला. तिला मागे पाटे होते. फुटपाथवर जॅक लावून काम उरकत असे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आर. टी. ओ. मध्ये २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर ती टॅक्सी रस्त्यावरून गेली. आता विजेच्या गाड्या आल्या आहेत. तिथे प्लग नाही, ऑइल नाही, क्लच नाही. मग आमचे काय, हा प्रश्न गॅरेजवाले विचारतात, आणि तो रास्त आहे.

त्याचे एक उत्तर या लहानशा बुशमध्ये आहे. विजेच्या गाडीलाही चार चाके, आर्म आणि बुश आहेतच. उलट मोठ्या बॅटरीमुळे ती तशाच पेट्रोलच्या गाडीपेक्षा जड असते आणि तिची ओढ पहिल्या क्षणापासून पूर्ण असते. हा सगळा भार बुशवर येतो. जुहूच्या जे. व्ही. पी. डी. स्कीममधल्या महागड्या मोटारींना तर मागे प्रत्येक चाकाला चार-पाच आर्म आणि प्रत्येक आर्मला दोन टोके असतात. इंजिनाचे काम कमी होत जाईल, सस्पेन्शनचे होणार नाही.

यासाठी लागते काय? २० टनांचा हायड्रॉलिक प्रेस, वेगवेगळ्या मापाच्या खोबण्या, टॉर्क दाखवणारा पाना, आणि कंपनीचे मॅन्युअल वाचता येणारा एक शिकलेला मुलगा. खोबण्या तर आपले लेथवाले बांधव स्वतः बनवतात. एकट्याला प्रेस झेपत नसेल तर एकाच गल्लीतल्या तीन-चार गॅरेजांनी भागीत घ्यावा आणि वापराचे दर ठरवून घ्यावेत. काढलेला जुना बुश गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा, तडा बोटाने दाखवावा, बसवल्याची तारीख आणि किलोमीटर बिलावर लिहावेत. गिऱ्हाइकाला गाडीखाली काय झाले ते दिसत नाही. ज्याने दाखवले त्याच्याकडे ते पुन्हा येते.

व्यापारी बंधूंना एवढेच सांगणे की पावसाळा संपला की गाडी एकदा वर चढवून बुश पाहून घ्यावेत. त्याला फार वेळ लागत नाही. आपला माल, आपला ड्रायव्हर आणि रस्त्यावरून चालणारा अनोळखी माणूस, या तिघांची सुरक्षितता त्या रबरावर अवलंबून असते.