हावरी नव्हे, बाधाही नव्हे : थायरॉइड वाढतो तेव्हा

जांब समर्थ (ता. घनसावंगी) : "दोनच्या जागी चार भाकरी खाते, तरी अंगी लागत नाही." "साधं बोललं तरी अंगावर येते." "डोळे बघा कसे वटारल्यासारखे झालेत, कुणाची तरी नजर लागली." वस्तीवस्तीत एखाद्या सुनेबद्दल असे बोलले जाते. कुणी तिला हावरी म्हणते, कुणी बाहेरची बाधा म्हणते. अशा वेळी आम्ही एवढेच सांगतो की आधी तिचे रक्त तपासा.

आपल्या गळ्यात, घाटीच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक छोटी ग्रंथी असते. तिचे नाव थायरॉइड. शरीराची चूल किती पेटवायची हे तिच्या रसावर ठरते. रस कमी पडला तर माणूस सुस्त होतो आणि वजन वाढते. रस जास्त झाला तर चूल धडधडून पेटते आणि शरीर आतून जळू लागते. या दुसऱ्या आजाराला वाढलेला थायरॉइड म्हणतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो बराच जास्त आढळतो.

ओळखायचे कसे?

भूक चांगली असून वजन घटते. बसल्या जागी छाती धडधडते. हात पुढे केले तर बोटे थरथरतात. घाम फार येतो, उकाडा सोसत नाही, झोप लागत नाही, चिडचिड होते. शौचाला वारंवार जावे लागते. पाळी कमी जाते किंवा चुकते. काहींच्या गळ्याला सूज येते, काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात.

आपली अडचण अशी की मराठवाड्याच्या उन्हात उकाडा सगळ्यांनाच होतो. ऊस तोडणारी, कापूस वेचणारी बाई थकलेली आणि वाळलेली असणार, हे आपण धरूनच चालतो. म्हणून आजार कष्टामागे लपतो. वजन घटणे हे क्षयाचे आणि मधुमेहाचेही लक्षण आहे. त्यामुळे अंदाज न बांधता तिन्ही तपासण्या करून घ्याव्यात.

दुर्लक्ष केले तर?

हृदयाचे ठोके अनियमित होतात. त्यातून रक्ताची गुठळी होऊन अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो. हाडे ठिसूळ होतात. गर्भ राहायला अडचण येते, राहिला तर पडण्याची किंवा दिवस भरण्याआधी बाळंत होण्याची भीती असते. "हिला मूल टिकत नाही" म्हणून माहेरी धाडलेल्या लेकीचा थायरॉइड कुणी तपासला होता का, हे आपण विचारले पाहिजे.

होतो कशाने?

शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच चुकून या ग्रंथीला डिवचत राहते, हे मुख्य कारण. त्याला ग्रेव्हज आजार म्हणतात. डोळे बाहेर येतात ते यातच, आणि बिडी-सिगारेटने डोळ्यांचा त्रास वाढतो. कधी ग्रंथीत गाठी होतात. बाळंतपणानंतर वर्षभरात ग्रंथीला सूज येऊनही रस काही काळ वाढतो. तो बहुधा आपोआप उतरतो आणि त्याला वेगळी औषधे लागतात. म्हणून कारण डॉक्टरांनीच ठरवावे.

तपासणी साधी आहे. रक्तात टीएसएच फार कमी आणि टी-3, टी-4 जास्त असेल तर थायरॉइड वाढलेला आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथे सोय नसेल तर ग्रामीण रुग्णालय किंवा जालन्याच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागा.

उपचार

कार्बिमॅझोल या गोळीने काही आठवड्यांत आराम पडू लागतो. धडधड थांबवायला सुरुवातीला प्रोप्रॅनोलॉल देतात. मात्र दम्याच्या रुग्णाने दमा असल्याचे आधी सांगावे. ग्रेव्हज आजारात कार्बिमॅझोल साधारण 12 ते 18 महिने घ्यावी लागते. बरे वाटले म्हणून ती सोडू नका. कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून पुढच्या महिन्यांच्या गोळ्या आणि तपासणीचा कागद बरोबर घ्यावा.

गोळी चालू असताना ताप आला, घसा दुखला, तोंड आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. क्वचित या औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. दिवस राहिले असतील किंवा राहावेत अशी इच्छा असेल तर लगेच सांगा, गोळी बदलावी लागते.

गोळीने भागले नाही तर शस्त्रक्रिया किंवा किरणोत्सारी आयोडीन हे मार्ग आहेत. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून या कामासाठी ओळखले जाते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला मात्र हे आयोडीन देत नाहीत.

एक मोठी चूक

"मलाही थायरॉइड, तुलाही थायरॉइड, माझीच गोळी घे." असे कधीही करू नका. शेजारणीची गोळी बहुतेक वेळा कमी थायरॉइडची असते. वाढलेल्यावर ती घेणे म्हणजे पेटत्या चुलीत रॉकेल ओतणे. वजन उतरवण्यासाठीही ती घेऊ नये. घरातले आयोडीनयुक्त मीठ बंद करू नका, लेकरांच्या वाढीला ते लागते. पण आयोडीनची टॉनिके स्वतःहून घेऊ नका.

खूप ताप, फार जोरात धडधड, उलट्या आणि बरळणे एकदम सुरू झाले तर जीवाला धोका आहे. 108 ला फोन करा.

भूत उतरवतो म्हणून मारहाण करणे, साखळीने बांधणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आपण तर 22 प्रतिज्ञा घेतलेली माणसे. आजारी भिक्खूकडे कुणी बघत नव्हते तेव्हा तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः धुतले-पुसले. त्यांनी त्याला दोष दिला नाही, त्याची सेवा केली. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर मायमाउल्यांनी एकमेकींना एवढे विचारावे : धडधड होते का, हात थरथरतात का, खाऊनही वाळतेस का? जी "हो" म्हणेल तिच्यासोबत सोमवारी कुणीतरी दवाखान्यात जावे.

जय भीम!