घरातील वायुवीजन आणि दाबसंतुलन
घरातील दूषित व दमट हवा बाहेर जाऊन तिच्या जागी बाहेरची ताजी हवा येण्याच्या क्रियेस वायुवीजन म्हणतात. हवा अधिक दाबाकडून कमी दाबाकडे वाहते. हा दाबातील फरक वारा, तापमानातील तफावत किंवा पंखा यांमुळे निर्माण होतो. उदाहरणार्थ, उबदार हवा हलकी असल्याने वर चढून झरोक्यातून बाहेर पडते आणि खालच्या दारा-खिडक्यांतून थंड हवा आत येते.

घरातून जितकी हवा बाहेर जाते, तितकीच आत यावी लागते. दारे-खिडक्या बंद ठेवून एक्झॉस्ट फॅन चालवल्यास आतील दाब घटतो आणि मिळेल त्या वाटेने हवा ओढली जाते. अशा वेळी गॅस गिझरच्या धुराड्यातील वायू उलट फिरून घरात शिरू शकतात. त्यांत कार्बन मोनॉक्साईड असल्यास ते प्राणघातक ठरते. हा वायू रंगहीन व गंधहीन असतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा सुमारे २०० ते २५० पट अधिक घट्ट धरून ठेवतो. त्यामुळे हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याबरोबरच ताजी हवा आत येण्यासाठी कायम उघडी जाळी किंवा झरोका असणे आवश्यक असते.