बेकार तरुणाने वाट किती पाहावी?

आपल्या मॉरिशसमधून ऑस्ट्रेलियात जाऊन स्थायिक झालेली कुटुंबे पुष्कळ आहेत. तिकडे शिकायला जाणारी मुलेही आहेत. म्हणून बेकार तरुणांवरून त्या देशात झालेला वाद आपण परका मानू नये.

मे २०१४ मध्ये तेथील अर्थमंत्री जो हॉकी यांनी अंदाजपत्रक मांडले. तीस वर्षांखालील बेकारांनी अर्ज केल्यावर पहिले सहा महिने भत्ता द्यायचाच नाही, असा त्यात प्रस्ताव होता. पुढील सहा महिने भत्ता मिळणार, पण आठवड्याला २५ तास सरकारी योजनेत काम करून. त्यानंतर पुन्हा सहा महिने बंद. पूर्वी नोकरी केलेल्यांना दर वर्षामागे एक महिन्याची सूट होती. शाळा सोडून नुकताच कामाच्या शोधात निघालेला मुलगा मात्र पुरता सापडत होता.

तरुणाने कमवावे किंवा शिकावे, भत्त्याची सवय लागू नये, असे सरकारचे म्हणणे. ते अगदीच टाकाऊ नाही. आळशी मुलगा कोणत्या आईबापांना हवा असतो? पण विरोधकांचा सवालही साधा होता : सहा महिने त्याने खावे काय? नोकरी शोधायलाही बसभाडे लागते, अंगावर धड कपडा लागतो. संसदेच्या मानवी हक्क समितीनेही या अटीवर आक्षेप घेतला. सिनेटमध्ये बहुमत जुळले नाही. २०१५ साली सरकारने मुदत चार आठवड्यांवर आणि वय पंचवीसवर आणले; तेही सिनेटमध्ये टिकले नाही.

आम्हांला येथे कर्मवीर भाऊराव पाटलांची आठवण होते. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या या थोर पुरुषाचे ब्रीद होते ‘कमवा आणि शिका’. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने म्हटले ‘किंवा’, कर्मवीरांनी म्हटले ‘आणि’. त्यांनी गरीब मुलांना आधी वसतिगृहात आसरा दिला, पोटाला भाकरी दिली आणि मग हाताला काम दिले. उपाशी ठेवून कष्टाची गोडी लावता येते, असे त्यांनी मानले नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न आहेच. २००९ साली येथे सुरू झालेल्या वर्कफेअर योजनेत नोकरी गेलेल्याला पहिले तीन महिने मूळ वेतनाच्या ९० टक्के, नंतरचे तीन महिने ६० टक्के व शेवटचे सहा महिने ३० टक्के भत्ता ठरला. पण त्यासाठी आधी १८० दिवस सलग नोकरी झालेली हवी. ज्याला पहिली नोकरीच मिळाली नाही, तो दाराबाहेरच राहिला. त्याला पोसतात आईबाप, आजीचे पेन्शन, थोरल्या भावाचा पगार.

ज्यांचे घर भरलेले आहे त्यांची मुले वाट पाहू शकतात. ज्यांचे नाही, त्यांची मुले मिळेल ते काम धरतात आणि शिकलेले विसरतात. परदेशी गेलेल्यांना तर घरही जवळ नसते. ऑस्ट्रेलियाने २०१९ पासून नव्याने वसलेल्यांसाठी बेकारभत्त्याची प्रतीक्षा दोन वर्षांवरून चार वर्षे केली. मुलांना तिकडे धाडणाऱ्या पालकांनी हा हिशेब विमानाच्या तिकिटाआधी मांडावा, आणि येथल्या पुढाऱ्यांना पहिल्या नोकरीच्या शोधातील मुलांविषयी जरूर विचारावे.