लाकूड आणि लोखंड : शाळेच्या कपाटात कोणती करवत असावी?

प्राथमिक शाळेतील बाक मोडला म्हणजे तो बहुधा दोन ठिकाणी मोडतो. बसण्याची फळी चिरते आणि त्याच सुमारास लोखंडी नळीचा पाय खालून गंजून झिजतो. फळी बदलावयाची तर सुतार हवा, पाय कापून सारखे करावयाचे तर लोहार किंवा वेल्डर हवा. भुदरगड तालुक्यात कडगाव-पाटगावकडील एखाद्या वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेस हे दोघेही एकाच दिवशी मिळणे कठीण. मग तो बाक व्हरांड्याच्या कोपऱ्यात उभा राहतो आणि कालांतराने निर्लेखनाच्या यादीत जातो. काम वास्तविक तास-दीड तासाचे असते.

अशा प्रसंगी लाकूड व लोखंड दोन्ही कापील अशी एकच करवत शाळेसाठी, किंवा घरासाठीही, कोणती घ्यावी, असा प्रश्न शिक्षकांस पडणे साहजिक आहे. बाजारात ‘सर्व काही कापणारे’ म्हणून दाखविले जाणारे हत्यार बहुधा विजेवर फिरणारे असते आणि पुष्कळ वेळा तेच सर्वांत धोक्याचे असते. सबब खरेदीपूर्वी करवतीचे काम कसे चालते ते समजून घेणे इष्ट आहे.

हातकामाचा विचार गारगोटीस नवा नाही. १९३७ साली वर्ध्यास मूलोद्योगी शिक्षणाची कल्पना मांडली गेली. १९५२ साली जे. पी. नाईक यांच्या पुढाकाराने गारगोटीस श्री मौनी विद्यापीठाची स्थापना झाली. ग्रामीण जीवनास उपयोगी पडेल असे शिक्षण खेड्यातच द्यावे हा तिचा हेतू होता, आणि स्थापत्य व ग्रामीण अभियांत्रिकीचे शिक्षणही तेथे सुरू झाले. हेच नाईक पुढे १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते, आणि त्या आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शालेय शिक्षणाचा भाग असावा अशी शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना, गावातील सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ काम शिकावे असे म्हटले आहे. शब्द दर पिढीस बदलले. शाळेच्या कपाटातील हत्यारांची स्थिती मात्र फारशी बदलली नाही, हे कोणाही तपासणी करणाऱ्यास ठाऊक आहे.

आता मूळ मुद्दा. करवत कापते ती तिच्या दातांनी. लाकूड मऊ असते. प्रत्येक दात त्यातून मोठा कण खरवडून काढतो आणि तो भुसा काप संपेपर्यंत दातांमधील खळग्यात साठून राहावा लागतो. म्हणून लाकडाच्या करवतीचे दात मोठे व विरळ, साधारणतः इंचास पाच ते दहा असतात. लोखंड कठीण, त्यातून एका वेळी अगदी बारीक कीसच निघू शकतो. म्हणून लोखंडाच्या पात्याचे दात बारीक व दाट, इंचास चौदा, अठरा, चोवीस किंवा बत्तीस असतात. दोन्ही प्रकारांत दात आळीपाळीने किंचित डावीकडे व उजवीकडे वाकविलेले असतात, जेणेकरून काप पात्याच्या जाडीपेक्षा थोडा रुंद पडावा आणि पाते त्यात अडकू नये. कारागीर यास ‘सेट’ म्हणतात.

लोखंड कापताना एक नियम सर्वांत उपयोगी पडतो : कापावयाच्या जाडीवर एका वेळी निदान तीन दात टेकलेले असावेत. एकच दात पत्र्याच्या कडेवर बसला तर कड दोन दातांमधील खळग्यात शिरते, पुढे लोटताच दात तुटतो, आणि मग त्याच्या शेजारचे दातही एकामागून एक जातात. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. अठरा दाती पात्यात दोन दातांमधील अंतर सुमारे १.४ मि.मी. येते, तीन दात म्हणजे सुमारे ४.२ मि.मी. चोवीस दातीत हीच बेरीज ३.२ मि.मी. आणि बत्तीस दातीत २.४ मि.मी. होते. यावरून सळई व जाड पट्टी यांस अठरा दाती, तीन मि.मी. जाडीचा अँगल व पाण्याची लोखंडी नळी यांस चोवीस दाती, आणि बाकाची पातळ नळी किंवा पत्रा यांस बत्तीस दाती पाते घ्यावे हे सहज ठरते. चौथी-पाचवीच्या वर्गात पात्यावर पट्टी ठेवून इंचातील दात मोजावयास सांगितले, तर भागाकाराचे व दशांश अपूर्णांकाचे चांगले उदाहरण मुलांपुढे उभे राहते. पातळ नळीची भिंत दीड मि.मी. असली तर तिच्यावर बत्तीस दातीचेही पुरते दोन दात बसत नाहीत. अशा वेळी पाते किंचित तिरपे धरावे. गोल नळी असल्यास एका बाजूने भिंत कापली जाताच नळी थोडी फिरवून घ्यावी. पत्रा असेल तर तो दोन फळ्यांमध्ये दाबून फळ्यांसकट कापावा.

यावरून खरेदीचा निर्णय असा करता येतो. शाळेसाठी प्रथम लांबी कमीजास्त करता येणारी एक मजबूत हॅक्सॉ फ्रेम घ्यावी आणि तिच्यासोबत बारा इंची पाती निरनिराळ्या दातांची घ्यावीत. याच फ्रेमने प्लॅस्टिकची नळी, बांबू, छत्रीची दांडी, खिडकीचा गज आणि इंच-दोन इंच जाडीची लाकडी पट्टी ही सर्व कामे होतात. ‘बहुगुणी’ हे विशेषण द्यावयाचेच झाले तर ते हिला द्यावे. पाती घेताना ‘बायमेटल’ जातीची मिळाल्यास घ्यावीत. त्यांत कठीण पोलादाचे दात लवचिक पोलादाच्या पाठीवर जोडलेले असतात. नवशिक्याच्या हातून पाते पिळले गेले तरी ते काचेसारखे मोडत नाही. जुन्या फळीत खिळा दडलेला असल्यासही हेच पाते उपयोगी.

तथापि या फ्रेमची मर्यादा विसरू नये. पाते आणि फ्रेमची पाठ यांतील अंतर फार तर चार बोटे-वीतभर असते. त्याहून रुंद फळी आडवी कापू गेल्यास फ्रेम फळीवर अडते. शिवाय लाकडाचा भुसा बारीक दातांत भरून पाते नुसते घसरू लागते. म्हणून बाकाच्या फळीसाठी एक साधी हातकरवत, सुमारे दीड फूट लांबीची व इंचास आठ ते दहा दातांची, वेगळी ठेवावी. ही करवत लोखंडास कदापि लावू नये. एका खिळ्यावर तिची धार गेली की ती कानशीने पुन्हा लावीपर्यंत करवत निरुपयोगी होते.

हॅक्सॉ चालविताना पाते दातांचे तोंड पुढे येईल असे बसवावे. ताण हाताने विंग नट आवळून जेवढा येतो तेवढा पुरे. पक्कड लावू नये. पुढे लोटताना दाब द्यावा, मागे घेताना सोडावा, पात्याची शक्य तेवढी लांबी वापरावी, आणि मिनिटास चाळीस ते पन्नास वेळांहून अधिक घाई करू नये. जलद घासल्याने पाते तापून दात बोथट होतात, काप मात्र लवकर होत नाही. काम अर्धवट असता पाते मोडले तर नवे पाते जुन्या कापात घालू नये. झिजलेल्या पात्याचा काप अरुंद असतो व नवे त्यात अडकून तुटते. दुसऱ्या बाजूने सुरुवात करावी. कापावयाची वस्तू व्हाइसमध्ये पक्की धरलेली असणे हे करवतीइतकेच महत्त्वाचे आहे. पायाखाली दाबून कापण्याची सवय सुताराच्या अंगवळणी पडलेली असते, शिक्षकाने तिचे अनुकरण करू नये.

विजेवर चालणारे यंत्र घरी घ्यावयाचेच असेल तर जिगसॉ बरा. त्याचे लहान पाते खाली-वर चालते, लाकडासाठी व धातूसाठी पाती बदलता येतात आणि वेग कमी करता येतो. धातूस कमी वेग ठेवावा. किती जाडीपर्यंत कापता येईल ते सूचनापुस्तिकेत दिलेले असते, ते वाचून घ्यावे.

याउलट, अँगल ग्राइंडरवर लाकूड कापण्याची दातेरी चक्री लावून काम करण्याची जी रीत गावोगाव पडली आहे, तिच्याविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. चार इंची ग्राइंडर मिनिटास सुमारे अकरा हजार फेरे घेतो. हिशेब केल्यास चक्रीची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने धावत असते. दातेरी चक्री लाकडात अडकली की तीच शक्ती यंत्रास मागे, हात किंवा मांडी यांच्या दिशेने फेकते. मनुष्य हात मागे घेण्यापूर्वीच इजा होऊन जाते. मोठी चक्री बसावी म्हणून पुष्कळजण संरक्षक झाकणही काढून टाकतात. उत्पादकांच्या सूचनांत अशी दातेरी चक्री लावण्यास मनाई असते. फरशी कापण्याच्या यंत्रावर लाकडाची चक्री लावणे हे त्याच जातीचे साहस होय. शाळेच्या आवारात, मग सुट्टीचा दिवस असो वा गावचा कुशल कारागीर असो, हा प्रकार मुख्याध्यापकांनी होऊ देऊ नये.

आणखी एक गोष्ट करवतीच्या निवडीबाहेरची, पण तिच्याशी निगडित. जुन्या शाळांवर सिमेंटचे नालीदार पत्रे असतात. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असण्याचा संभव असतो आणि कापताना उडणारी धूळ फुप्फुसास घातक ठरते. तिचे दुष्परिणाम अनेक वर्षांनी दिसतात. अशा पत्र्यास कोणतीही करवत लावू नये.

मुलांच्या हाती काय द्यावे? पहिली ते पाचवीच्या मुलांनी पाहावे, मोजावे, खुणा कराव्यात. सहावी-सातवीच्या मुलांस सहा इंची लहान हॅक्सॉ, व्हाइसमध्ये धरलेली बांबूची किंवा प्लॅस्टिकची नळी, आणि एका वेळी एकच मूल, अशी व्यवस्था असावी. डोळ्यांवर चष्मा हवा. विजेचे यंत्र मुलांस देऊ नये.

शेवटी व्यवस्थेचा प्रश्न. भुदरगडच्या पश्चिम भागात पावसाळ्यात कपाटातील पोलादही गंजते. जूनपूर्वी पात्यांस व करवतीस तेलाचा हलका हात देऊन ती कागदात गुंडाळून ठेवावीत. फ्रेम डेडस्टॉक नोंदवहीत चढते व जपली जाते. पाते मात्र झिजणारी वस्तू असल्याने ते सादिलमधून पुन्हा पुन्हा घ्यावे लागते, आणि ते कोणी घेत नाही. परिणामी तपासणीच्या दिवशी फ्रेम जागेवर, शिक्का मारलेली, पण पात्याविना आढळते. सत्रारंभी खडू व शाईबरोबर चोवीस व बत्तीस दातांची दोन-दोन पातीही मागणीपत्रकात लिहावीत.