गावठाणाची मोजणी: आधी चुना, मग ड्रोन

शेताला सातबारा असतो, पण बहुतेक छोट्या गावांत गावठाणातल्या घराला मोजणीचा नकाशाच नव्हता. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने ती मोजणी होते आहे. मला यातला सगळ्यात आवडणारा भाग जमिनीवरचा: चुना! ड्रोन उडण्याआधी घरांच्या हद्दीवर पांढरी रेघ मारतात. कारण वरून फोटोत छप्परच दिसतं. पत्रा भिंतीबाहेर दोन फूट आला असेल तर भिंत त्याखाली झाकली जाते. फोटो एकमेकांवर बरेच चढवून घेतात, त्यामुळे तीच जागा वेगवेगळ्या कोनांतून येते आणि उंचसखलपणाही काढता येतो. त्यातून भारतीय सर्वेक्षण विभाग नकाशा करतो. तुमच्या गावात चुना पडेल त्या दिवशी रजा टाकून जाच, आणि नंतर मालकी हक्काच्या चौकशीच्या वेळी नकाशावर पडवी, परसू नीट तपासून घ्या.