गाणेही आपले, दुकानही आपले!

गाणे एकाने रचायचे आणि त्याचा पैसा दुसऱ्याच्या तिजोरीत जायचा, हा व्यवहार जगात सर्वत्र चालत आला आहे. अमेरिकेतील डेट्रॉईट शहरात काही कृष्णवर्णीय तरुणांनी या व्यवहाराला ठाम नकार दिला. त्यांनी ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’, म्हणजे भूमिगत प्रतिकार, या नावाची स्वतःची छोटी रेकॉर्ड कंपनी उभी केली. तिची ओळख आम्ही आज वाचकांना करून देत आहोत.

डेट्रॉईट हे मोटारींचे शहर. दक्षिणेतील शेतमजुरी सोडून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे येथील कारखान्यांत कामाला आली. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. पुढे कारखाने बाहेर गेले आणि गोरे लोक उपनगरांत गेले. १९६७ मध्ये पोलिसांच्या धाडीनंतर उठाव झाला, त्यात ४३ माणसे मेली. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या अवघी सात लाख चौदा हजार उरली होती.

याच शहरात बेरी गॉर्डी या कृष्णवर्णीय तरुणाने १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन कंपनी काढली. तीच पुढे ‘मोटाऊन’ म्हणून जगभर गाजली. पण १९७२ मध्ये मोटाऊनने आपले बस्तान लॉस एंजेलिसला हलवले आणि १९८८ मध्ये ती ६ कोटी १० लाख डॉलरला विकली गेली. गाणी अजरामर झाली, पण ज्या गल्लीत ती जन्मली तेथे मालकी राहिली नाही. हा धडा पुढच्या पिढीच्या डोळ्यांपुढे होता.

त्या पिढीच्या हाती वाद्यवृंद नव्हता. जपानच्या रोलँड कंपनीची तालयंत्रे बाजारात फारशी चालली नव्हती, म्हणून ती जुन्या मालाच्या दुकानांत स्वस्तात मिळत. अशी यंत्रे घेऊन हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉंडरसन या शाळासोबत्यांनी घरातच नवे संगीत घडवले. त्याला ‘टेक्नो’ म्हणतात. १९८८ मध्ये लंडनच्या कंपनीने त्याचा संग्रह काढला आणि युरोप त्यावर नाचू लागला. मात्र हे संगीत कृष्णवर्णीयांचे आहे, हे नाचणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते?

१९९० च्या सुमारास माईक बँक्स आणि जेफ मिल्स यांनी ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ सुरू केली. रॉबर्ट हूड त्यांना येऊन मिळाले. त्यांनी चेहरे झाकले, मुलाखती टाळल्या. कलावंताचा चेहरा विकायचा आणि मग चेहऱ्यासकट कलावंतच विकत घ्यायचा, ही बड्या कंपन्यांची रीत त्यांना मान्य नव्हती. लोकांनी रंग पाहू नये, आवाज ऐकावा, हा त्यांचा आग्रह.

मिल्स आणि हूड लवकरच वेगळ्या वाटेने गेले, पण बँक्स डेट्रॉईटमध्येच राहिले. तबकडी काढणे अवघड नाही, ती दुकानापर्यंत नेणाऱ्या दलालाच्या हातीच नाडी असते, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९९२ मध्ये ‘सबमर्ज’ ही स्वतःची वितरण संस्था उभी राहिली. तिने शहरातील इतर छोट्या कंपन्यांचाही माल जगभरच्या दुकानांत पोहोचवला. आमच्या मते खरी क्रांती येथे झाली. गाणे बंडखोर असून भागत नाही, हिशेबाची वहीही आपल्या हाती असावी लागते.

या आधाराने धाडसी काम उभे राहिले. ‘ड्रेक्सिया’ या जोडीच्या १९९७ च्या ‘द क्वेस्ट’ या संग्रहासोबत एक कल्पित कथा छापलेली होती. गुलामांच्या जहाजांवरून गर्भवती आफ्रिकन स्त्रियांना समुद्रात फेकले जाई. त्यांची बाळे पाण्यातच श्वास घ्यायला शिकली आणि त्यांनी समुद्रतळी राष्ट्र वसवले, अशी ती कथा. एवढ्या मोठ्या अत्याचाराची आठवण नाचाच्या संगीतातून जिवंत ठेवायची, याला बळ लागते.

कसोटीचा प्रसंग १९९९ मध्ये आला. मेक्सिकन वंशाचे डीजे रोलँडो यांची ‘जग्वार’ ही धून खूप गाजली. तेव्हा सोनी कंपनीच्या जर्मन शाखेने मूळ कलावंतांच्या संमतीशिवाय तिची हुबेहूब नक्कल करवून घेतली. जगभरच्या रसिकांनी निषेधाचे ई-मेल पाठवले आणि सोनीला माघार घ्यावी लागली. पुढे दुसऱ्या बड्या कंपनीने तोच उद्योग केला, तेव्हा लढाई पूर्ण जिंकली असे म्हणता येणार नाही. पण मूळ तबकडी, तिचे नाव आणि तिची विक्री डेट्रॉईटमध्येच राहिली. ‘रिव्हेंज ऑफ द जग्वार’ ही नवी तबकडी काढून या मंडळींनी उत्तरही दिले.

डेट्रॉईटच्या ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील सबमर्जच्या इमारतीत त्यांनी टेक्नोचे छोटे संग्रहालयही मांडले. आपला इतिहास आपणच जपायचा, ही त्यामागची जाण.

आपल्या घरात गाणारा मुलगा किंवा वाजवणारी मुलगी असेल तर त्यांना ही हकीकत जरूर सांगावी. रियाज करावाच, पण करारावर सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचावी, न समजल्यास जाणकाराला विचारावी. सूर आपला असेल तर त्याचा हिशेबही आपल्याला कळला पाहिजे.